चाळीचा पुनर्विकास: सहीच्या आधीची कामं

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी, लालबाग, परळ. यांपैकी कुठल्या तरी चाळीच्या समितीवर तुमची नुकतीच निवड झाली असेल, किंवा आर्किटेक्चर शिकून तुम्ही पहिल्यांदाच इथल्या रहिवाशांबरोबर कामाला लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बहुतेक चाळींत पुनर्विकासाची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी बिल्डर येतो, मग नकाशा येतो, मग एखाद्या सभागृहात चहा-नाश्त्यासह सादरीकरण होतं आणि दुसऱ्या दिवसापासून संमतीपत्रं घरोघर फिरू लागतात. रहिवाशांना विचारलेला पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असतो: सही करताय ना? आपली खोली किती फुटांची आहे, भाड्याची पावती कोणाच्या नावावर आहे, नव्या इमारतीत महिन्याला किती पैसे भरावे लागतील, यातलं काहीच धड माहीत नसलेल्या माणसाने या प्रश्नाचं उत्तर कशाच्या आधारावर द्यायचं? सही हे सगळ्यात शेवटचं काम आहे. सहभाग म्हणतात तो तिच्या आधीच्या कामांत घडतो किंवा घडतच नाही.

थोडी पार्श्वभूमी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाड्यातून डागडुजीही सुटेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. पावसाळ्यात माणसं दगावू लागली तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं गेलं आणि त्यासाठी उपकर सुरू झाला. त्या वेळी उपकरप्राप्त, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'सेस'च्या, इमारती होत्या १९,६४२. आज त्यांतल्या १३-१४ हजार उरल्या आहेत आणि बहुतेकींचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

पहिलं काम: आपली इमारत कोणत्या नियमात बसते ते शोधा

हे काम आठवड्याभरात होतं, पण ते न केल्यामुळे लोक वर्षानुवर्षं चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना दिसतात. मालमत्ता कराच्या बिलावर दुरुस्ती उपकर लागलेला आहे का ते पाहा. लागला असेल तर इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर 'अ' वर्ग, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची 'ब' आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ मधली 'क'. दुरुस्ती मंडळाच्या विभागीय कार्यालयात तुमच्या इमारतीची नोंद असते. तिथून वर्ग आणि आजवर झालेल्या दुरुस्त्यांची माहिती लेखी मागून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. नगर भूमापन कार्यालयातून सी.एस. नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, देऊन मिळकत पत्रिका काढा. मालक म्हणून ज्याला आपण भाडं देतो तोच जमिनीचाही मालक असतो असं नाही. जमीन ट्रस्टची, पालिकेची किंवा भाडेपट्ट्याची असू शकते आणि मग सगळं गणित बदलतं.

उपकरप्राप्त एकट्या इमारतीसाठी विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधला विनियम ३३(७) लागतो. अनेक इमारती एकत्र करून किमान ४,००० चौरस मीटर जागा होत असेल तर समूह विकासाचा ३३(९). बीडीडी चाळी यांत येत नाहीत, त्या सरकारी मालकीच्या आहेत आणि त्यांची योजना स्वतंत्र आहे. हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा, कारण वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्यापासून प्रत्येक सभेत कोणी तरी उठून विचारतंच: "बीडीडीला ५०० फूट, मग आम्हाला ३०० का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं खरं उत्तर ठाऊक नसेल तर समितीवरचा विश्वास तिथेच संपतो.

आणखी एक गोंधळ. '७९अ' नावाची कलमं दोन आहेत. एक सहकारी संस्था कायद्यातलं. त्याखाली जुलै २०१९ मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहेत. दुसरं म्हाडा कायद्यातलं, ज्या दुरुस्तीला २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीचा प्रस्ताव ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह आणायला ते आधी मालकाला सहा महिने देतं, त्याने आणला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, आणि तेही झालं नाही तर म्हाडा स्वतः पुढे येऊ शकते. या नोटिसा काढण्याच्या म्हाडाच्या अधिकारावरून २०२५ मध्ये उच्च न्यायालयात मोठा वाद झाला. म्हणून अशी नोटीस हातात पडली की त्या दिवसाची कायदेशीर स्थिती वकिलाकडून तपासून घ्या, जुन्या व्हॉट्सॅप संदेशावर जाऊ नका.

दुसरं काम: माणसं मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन महिने लागले तरी चालतील.

एक मोठी वही घ्या आणि प्रत्येक खोलीसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: पावती कोणाच्या नावावर आहे, आज राहतं कोण, आणि जागेचा वापर आणखी कोण करतं. या तीन रकान्यांत एकच नाव असलेल्या खोल्या फार कमी निघतात.

पावतीवर पुष्कळदा आजोबांचं नाव असतं. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली, एक मुलगा खोलीत, दुसरा डोंबिवलीला, मुलगी कल्याणला दिलेली. पुनर्विकासाची बातमी पसरली की दहा-दहा वर्षं न आलेली भावंडं वाडीत दिसू लागतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार राहत्या घराचा भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. असं कोणी नसेल तर वारसांपैकी कोण ते आपसात किंवा न्यायालयात ठरतं. मालकीच्या घराच्या वाटणीसारखी इथे वाटणी होत नाही. हे कुटुंबांना लवकर, शांतपणे आणि शक्यतो वकिलाच्या तोंडून सांगा. वारसाचा वाद ज्या खोलीत आहे तिथलं कुटुंब सभेला येत नाही, आलं तर बोलत नाही, आणि ऐन करारावेळी सगळ्या इमारतीचं काम अडतं. मृत्यू दाखले, जुन्या पावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतली नोंद यांची प्रत्येक घराची एक फाइल आत्ताच तयार करायला लावा.

तारीख लक्षात ठेवा: १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण केलेल्या भाडेकरूंचा ३३(७) मध्ये विचार होत नाही. पात्र रहिवाशांची यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं. त्याच तारखेमुळे एक खोली मधे भिंत घालून दोन दाखवण्याचे प्रकार होतात. तुमची वही प्रामाणिक असेल तर असे प्रकार चाळीतच उघडे पडतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला जे कळत नाही ते शेजाऱ्याला माहीत असतं.

मग तिसरा रकाना. त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, आणि अन्याय बहुतेक वेळा तिथेच होतो. पोटभाडेकरू. जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडून बसणारा. दोन खोल्यांत खानावळ चालवणारी बाई आणि तिच्याकडे जेवणारी माणसं. लालबाग-परळ भागात कोकणातल्या ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आहेत. पावती कोणा एकाच्या नावावर, पण कामधंद्यासाठी मुंबईत आलेल्या गावच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे वळकटी टाकलेली. धोबीतलावला जेर महलमध्ये गोव्यातल्या गावांचे कूड आहेत, ज्यांना सगळे क्लब म्हणतात. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर गोवेकर खलाशी तिथे उतरत आले. अशा जागा कायद्याच्या नजरेत एक खोली आणि एक पावती, पण प्रत्यक्षात अख्ख्या गावाचा मुंबईतला पत्ता. त्यांना कायद्याने काय मिळेल ते मर्यादित आहे. तरी त्यांची नोंद झाली, मंडळाचे पदाधिकारी सभेला आले, करारात नाव कोणाचं आणि हक्क कोणाचा हे मंडळाच्या ठरावाने लिहून ठेवलं, तर पुढची भांडणं टळतात. नाही तर पावतीवरचा माणूस घर विकून मोकळा होतो.

बंद खोल्यांचं काय? कुलूप असलेल्या प्रत्येक खोलीचा सध्याचा पत्ता आणि फोन मिळवा. बोरिवली, डोंबिवली, वसई, कोणी पुण्यात. या लोकांचा मतदानात हक्क आहे, पण रोजची गळती, तुंबलेला संडास, टेकू लावलेला जिना त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांना जास्त क्षेत्रफळासाठी थांबणं परवडतं, आत राहणाऱ्याला परवडत नाही. हा हितसंबंधांचा फरक समितीने मोकळेपणाने सभेत मांडावा, दडवू नये.

टेप घेऊन खोल्या मोजा

३३(७) नुसार निवासी रहिवाशाला त्याच्या सध्याच्या चटई क्षेत्राइतकं (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेइतकं), पण किमान ३०० चौरस फूट (२७.८८ चौरस मीटर) आणि जास्तीत जास्त १,२९२ चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. दुकानाला सध्याच्या क्षेत्राइतकं.

याचा अर्थ नीट पोचवा. १२० फुटांच्या खोलीला ३००. २८० फुटांच्या दुहेरी खोलीलाही ३००. दुहेरी खोलीवाल्याच्या आजोबांनी त्या काळी दुप्पट पागडी मोजलेली असते. त्याच्या मनातली चरफड खरी आहे आणि ती शेवटपर्यंत आत धुमसत राहिली तर विरोधी गट तिथूनच जन्माला येतो. उत्तर प्रत्येक चाळीला वेगळं सापडतं: कुठे दुहेरीवाल्यांना थोडं जादा क्षेत्र बिल्डरकडून मागून घेतात, कुठे मजला निवडायचा पहिला मान देतात. मात्र विषय पहिल्याच सभेत पटलावर आला पाहिजे.

मोजणी रहिवाशांच्या डोळ्यांदेखत करा. टेपचं एक टोक त्यांच्याच हातात द्या. भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत, मोरी धरून. पोटमाळा वेगळा लिहा, गॅलरी बंद करून आत घेतली असेल तर तेही वेगळं लिहा. कागदावर खोलीचं साधं रेखाचित्र, मापं, तारीख, घरातल्या माणसाची सही आणि शेजारच्याची सही. झेरॉक्स त्याच दिवशी घरात द्या. मी पाहिलंय, ज्या आजीबाई सभेत तोंड उघडत नाहीत त्या टेप ओढताना सगळं बोलतात: कोणत्या साली भिंत ओली झाली, मालकाचा माणूस काय म्हणाला होता, कोणत्या खांबातून उन्हाळ्यात कुरकुर आवाज येतो.

बिल्डर ४०५ फूट म्हणू लागला की त्यात ३०० मूळ आणि ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा क्षेत्र, आहे हे लोकांना आधीच माहीत असलं पाहिजे. ती मेहेरबानी नसून नियमात बसणारी गोष्ट आहे. मग विचारायचं एवढंच: हे चटई क्षेत्र आहे की बांधीव, आणि करारात कोणता शब्द असेल?

सभा: कोण येतं यापेक्षा कोण बोलतं ते पाहा

रात्री साडेनऊची सर्वसाधारण सभा म्हणजे पाच-सहा पुरुषांचं भाषण. बाकीचे भिंतीला टेकून ऐकतात, बायका दारातून कानोसा घेतात. एवढ्यावर 'सर्वांना विश्वासात घेतलं' असं लिहिणारी समिती स्वतःची फसवणूक करते.

मजल्यामजल्यावर घ्या. एका मजल्यावर दहा-बारा घरं असतात, गॅलरीतच बसता येतं. बायकांसाठी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ, नळाला पाणी येण्याआधी. बाहेर राहणाऱ्यांसाठी रविवार सकाळ. दुकानदारांची बैठक त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला, वेगळी. काळबादेवी-भुलेश्वरला गुजराती आणि हिंदीतही बोलावं लागतं आणि सूचना त्या भाषांतही लावावी लागते. पहिल्या फेरीतल्या एकाही बैठकीला बिल्डर, त्याचा माणूस किंवा नगरसेवक नको. ते समोर असले की लोक प्रश्न विचारत नाहीत, विनंत्या करतात.

"टॉवर हवा की नको" हा प्रश्नही आधी नको. विचारा: इथलं काय हरवलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल? आणि कशाचा जीव नकोसा झालाय? दुसऱ्याचं उत्तर सगळीकडे सारखंच येतं: सामाईक संडास, जिना, गळती. पहिल्याची उत्तरं प्रत्येक वाडीची वेगळी. चौक, गणपतीचा मंडप, तुळस, गॅलरीतून शेजारी हाक मारता येणं, म्हाताऱ्या माणसाला खाली उतरून पाच मिनिटांत देवळात जाता येणं. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. अशा चौकाची जागा नव्या नकाशात पार्किंगच्या पोडियमवर जाणार असेल तर ते लोकांना आधी कळायला हवं. विसर्जनाची मूर्ती लिफ्टने उतरवायची का, हा प्रश्न लालबागमध्ये कोणी थट्टेने विचारत नाही.

एक पद्धत मी प्रत्येक नव्या समितीला करून पाहायला सांगते. नवं घर चौकातल्या फरशीवर खऱ्या मापात खडूने काढा. गिरगावातल्या एका वाडीत आम्ही ३०० फुटांचं घर असं काढलं: बाहेरची खोली दहा बाय बारा, आतली नऊ बाय दहा, स्वयंपाकघर सात बाय आठ, उरलेल्यात न्हाणीघर-संडास. कागदावर हाच नकाशा सगळ्यांना पसंत होता. खडूच्या रेघांत पाय ठेवल्यावर बोलणं बदललं. एका काकूंनी ओट्याच्या जागी उभं राहून हात लांब केला तो थेट संडासाच्या दारावर. दोघा भावांनी घरातली लोखंडी कॉट आणून ठेवली, तर आतल्या खोलीचं दार उघडेना. व्हीलचेअरवरचे एक आजोबा लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये वळूच शकले नाहीत. कपडे वाळत कुठे घालायचे, पापड कुठे, हे तर कोणी विचारात घेतलंच नव्हतं. त्या सकाळी मागण्यांच्या कागदावर सात नव्या ओळी चढल्या: दाराची जागा, पॅसेजची रुंदी, वाळवणासाठी सज्जा. आर्किटेक्टने त्यांतल्या पाच नकाशात घेतल्या, बाकीच्या दोन का जमत नाहीत ते फरशीवरच दाखवलं, आणि लोकांना ते पटलं.

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर लावा. व्हॉट्सॅपवर टाकाच, पण फळा सोडू नका. ज्यांच्याकडे फोन नाही तेच बहुधा सर्वांत जुने भाडेकरू असतात.

मागण्यांचा कागद आणि महिन्याचा खर्च

बैठकांतून आलेलं सगळं आता पाच-सहा पानांत आणा. क्षेत्रफळाखेरीज चार गोष्टी त्यात असाव्यात असं मला वाटतं.

पुनर्वसनाची इमारत जागेच्या कोणत्या भागात आणि विक्रीची कोणत्या. समुद्राचा वारा आणि रस्त्याकडची बाजू विक्रीला, मागची अंधारी बाजू आपल्याला, हा नेहमीचा डाव आहे. दोन इमारतींमधलं अंतर आणि आगीचा बंब आत येण्याची वाट. नियमांत मोकळ्या जागेच्या सवलती मिळतात, पण मिळते म्हणून प्रत्येक सवलत घ्यायलाच हवी असं नाही. दुकानांचं तोंड. तळमजल्यावर रस्त्याला लागून असलेलं दुकान तितक्याच फुटांनी पहिल्या मजल्यावर गेलं तर कागदावर काही बिघडत नाही, धंदा मात्र बसतो. आणि तुमच्या भागात वारसा यादीतली इमारत किंवा परिसर असेल तर श्रेणी कोणती ते पाहा, कारण मग पालिकेच्या वारसा संवर्धन समितीचा विषय येतो आणि उंचीपासून दर्शनी भागापर्यंत अटी लागू शकतात. काही रहिवाशांना ही अडचण वाटते. जुन्या लाकडी कठड्यांचा, कोरीव खांबांचा दर्शनी भाग टिकवून मागे नवं बांधणं शक्य असेल तर ते मागून घ्यावं अशा मताची मी आहे.

आता खर्च. आज महिन्याला दोन-तीनशे रुपये भाडं भरणाऱ्या कुटुंबाला टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक यांचे काही हजार भरावे लागतात. ते पेलत नाही म्हणून लोक घर विकून विरारला जातात, आणि पुनर्विकास मूळ माणसांसाठी होता हे वाक्य पाच वर्षांत खोटं ठरतं. ३३(७) मध्ये बिल्डरने दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस निधी, म्हणजे ठेव, उभारायचा असतो. त्या निधीचं व्याज महिन्याला किती, ते किती घरांत वाटलं जाईल, अकराव्या वर्षी काय, याचा हिशेब फळ्यावर लिहा. पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या बाईंना तो वाचून दाखवा. तिला जमत नसेल तर इमारत कमी मजल्यांची करा, किंवा पुनर्वसनाच्या इमारतीतले खर्चिक सोपस्कार कमी करा, किंवा कॉर्पस वाढवून मागा. जिमपेक्षा कॉर्पस मागा.

धोका आणि वाटाघाटी एकत्र बांधू नका

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. पालिका तिच्या कायद्याच्या कलम ३५४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस काढते. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. अशा इमारतीत "आधी करार, मग बाहेर" हा हट्ट जिवावर बेततो. भेंडीबाजारचा समूह विकास हा या शहरातला मोठा प्रयोग: सुमारे १६.५ एकर, २५० च्या आसपास इमारती, तीन हजारांहून जास्त कुटुंबं, २००९ मध्ये बोहरा समाजाच्या ट्रस्टने हाती घेतलेला. त्या ट्रस्टने लोकांना हलवण्याआधी संक्रमण घरांची सोय जवळपास उभी केली, आणि ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. तरीही त्याच प्रकल्पातली पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली आणि ३३ माणसं गेली. काही कुटुंबं हलली होती, काही मागे राहिली होती.

बाहेर पडायची भीती निराधार नाही. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत दोन-दोन पिढ्या काढलेली कुटुंबं आहेत. मास्टर लिस्ट, म्हणजे कायमच्या घराची वाट पाहणाऱ्यांची म्हाडाची यादी, असते ती अशांसाठीच. म्हणून बाहेर पडण्याआधी तीन कागद हातात घ्या: तुमच्या खोलीच्या क्षेत्रफळाची पालिकेने किंवा मंडळाने केलेली लेखी नोंद, रहिवाशांची प्रमाणित यादी, आणि इमारत पाडली तरी भाडेकरू म्हणून हक्क कायम राहतो असं नमूद केलेलं पत्र. दुसऱ्या कामातली वही आणि मोजणीची रेखाचित्रं इथे सोन्याच्या मोलाची ठरतात.

बिल्डर, सोसायटी की समूह

इथे मी फार वेळ घेत नाही, कारण निवड जागेवर अवलंबून असते. ३३(७) मध्ये चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या किती पट बांधता येतं ते) ३, किंवा पुनर्वसनाचं क्षेत्र आणि त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, यांपैकी जे जास्त ते मिळतं. इमारती जोडल्या तर प्रोत्साहन वाढतं, समूहात निर्देशांक ४ पर्यंत जातो. गणित मोठं होतं, पण एकमत व्हायला लागणारी माणसंही तितकीच वाढतात. दोन वाड्या, तीन मालक आणि एक ट्रस्ट यांना एका टेबलावर आणायला किती वर्षं लागतील याचा प्रामाणिक अंदाज घ्या. निविदा किमान तीन मागवा. बिल्डरने पूर्वी पूर्ण केलेल्या पुनर्वसन इमारतीत जाऊन तिथल्या रहिवाशांच्या घरी चहा प्या. विक्रीचं कार्यालय पाहून काही कळत नाही.

आता सही

३३(७) ला ५१ टक्के संमती पुरते. तरी ५१ वर थांबू नका. उरलेले ४९ टक्के त्याच जिन्याने ये-जा करतात, आणि एक न्यायालयीन स्थगिती सगळ्यांची वर्षं खाते. ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत विरोध करणाऱ्यांच्या घरी पुन्हा जा आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या. पुष्कळदा त्यात एखादी खरी चूक सापडते.

संमतीपत्र अपरिवर्तनीय असतं, नंतर मागे घेता येत नाही. म्हणून ते सर्वसाधारण सभेत मोठ्याने, मराठीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा आणि सहीआधी पंधरा दिवस घरी राहू द्या. कोऱ्या कागदावर, रिकाम्या जागा असलेल्या छापील नमुन्यावर किंवा जिन्यात उभं राहून कोणीही सही करायची नाही, हे बोर्डावर लिहा. मुखत्यारपत्र मागितलं तर वकिलाशिवाय एक अक्षर देऊ नका. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, आणि त्यात घराचं चटई क्षेत्र, ताब्याची तारीख, उशीर झाल्यास दंड, भाड्याचे आगाऊ धनादेश आणि दरवर्षीची वाढ, कॉर्पसची रक्कम आणि मजला ठरवण्याची पद्धत, बहुधा सोडत, हे सगळं हवं. करारात पत्नीचं नाव जोडण्याचा आग्रह समितीने धरावा. एका सहीने पुढचं कितीतरी टळतं.

गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरं सोडली. विक्रीच्या हक्कांचा व्यवहार होत राहिला, पुनर्वसनाची घरं दशक उलटलं तरी झाली नाहीत, भाडंही थांबलं. ती चाळ उपकरप्राप्त नव्हती, पण धडा सगळ्यांना लागू आहे: विक्रीच्या भागाची परवानगी पुनर्वसनाच्या बांधकामाशी टप्प्याटप्प्याने बांधलेली असावी आणि ती तशीच पाळली जाते का हे रहिवाशांनी पाहत राहावं. काम रखडवून ठेवणाऱ्या किंवा भाडं बंद करणाऱ्या बिल्डरकडून प्रकल्प काढून घेण्याची तरतूद म्हाडा कायद्याच्या ९१अ मध्ये आहे. तिचा उपयोग करायचा तर भाडं थकल्याच्या तारखांची नोंद हवी.

इमारत पाडल्यानंतर

समित्या इथे सुस्तावतात. माणसं पांगतात, कोणी कांदिवलीला, कोणी गावी, आणि तीन वर्षांत कोणाचा फोन लागत नाही. मेट्रो तीनसाठी घरं जाणार होती त्या गिरगाव-काळबादेवीच्या लोकांनी "पुनर्वसन इथेच" हे धरून ठेवलं, कारण ते एकत्र राहिले. महिन्याच्या पहिल्या रविवारी जागेवर भेटायचं ठरवा. प्रत्येक मजल्याचा एक प्रतिनिधी दहा घरांशी संपर्क ठेवेल. कोणाचं भाडं आलं नाही, कोण वारलं, कोणाचा पत्ता बदलला हे वहीत चढवा. वारसाची नोंद त्याच वर्षी करून घ्या, ताब्याच्या दिवसाची वाट पाहू नका. आर्किटेक्टला तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांसमोर उभं करा आणि मंजूर नकाशात काही बदल झाला का ते विचारा.

किल्ली घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) पाहा. ओसी नसलेल्या घरात "तात्पुरता ताबा" घेऊ नका, कारण मग नियमित पाणीजोडणी अडते आणि बिल्डरवरचा दबाव संपतो. जुन्या मोजणीचा कागद आणि टेप घेऊन नवं घरही स्वतः मोजा. कमी भरलं तर ताबा पावतीवर तसं लिहूनच सही करा. त्यानंतर सोसायटीची नोंदणी, आणि कॉर्पसचा निधी सोसायटीच्या नावावर बँकेत जमा झाल्याची पावती.